जेलमधली मारामारी फोनच्या रांगेत सुरू होते

दोन वर्षं मी आठवड्यातून एकदा जेलमध्ये शिकवायला जायचे, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा कैद्यांना. घरचे-बाहेरचे सगळे एकच विचारायचे, भीती नाही का गं वाटत? खरं सांगू, भीतीपेक्षा जास्त अंगावर यायचं ते तिथलं वाट बघणं. गिनती झाली की रांग, रांग संपली की बसून राहा, परत गिनती, परत रांग, आणि संध्याकाळ व्हायच्या आत बॅरेकला बाहेरून कुलूप.

माझ्या वर्गातला एकजण, एकदम शांत माणूस, एकदा दीड तास फोनच्या रांगेत उभा होता कारण त्या दिवशी त्याच्या आईचं ऑपरेशन होतं. पुढे दोनच माणसं उरली आणि फोन बंद केला, का ते कोणीच सांगितलं नाही. मागच्याने काहीतरी टोमणा मारला आणि याने वळून त्याच्या तोंडावर बुक्की घातली, मी वर्गाच्या दारातून बघत होते. नोंद काय झाली तर किरकोळ कारणावरून मारामारी. पण त्याच्यासाठी ते किरकोळ होतं का?

आत हिंसा होते ती माणसं मुळातच वाईट म्हणून, हे बोलायला सोपं आहे. काहीजण राग आणि टोळ्या बाहेरूनच घेऊन येतात हे खरंच आहे, पण बाकीचं जेल तयार करतं. उधारीचंच बघा. आत साबण, तंबाखू, फोनची मिनिटं हाच पैसा, आज एक वडी उसनी घेतली की पुढच्या आठवड्यात दोन द्यायच्या, नाही जमलं तर मार खा नाहीतर त्यांची कामं कर, म्हणजे वस्तू लपव, निरोप पोचव, कोणालातरी मार. तक्रार केली तर खबऱ्या म्हणून शिक्का बसतो आणि रात्री झोपायचं परत त्यांच्याच शेजारी. मग नवीन आलेला पोरगा कुठल्यातरी टोळीत जातो, बऱ्याचदा फक्त रात्री नीट झोप लागावी एवढ्यासाठी.

१९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका जेलमध्ये उठाव झाला तेव्हा तिथे आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल मिळायचा. जेल परत ताब्यात घेताना जो गोळीबार झाला त्यात ३९ जीव गेले, त्यात ओलीस ठेवलेले १० कर्मचारी पण होते. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज जेलमध्ये २५ दिवस उठाव चालला, तिथे कोठडीत संडास नव्हता, रात्रभर बादली ठेवायची आणि सकाळी नेऊन ओतायची. माणसाला रोज असं ठेवलं तर तो किती दिवस गप्प बसेल?

उपाय म्हटलं की लोकांना एकांत कोठडी आठवते. पण २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या, कैद्यांना कसं वागवायचं ते सांगणाऱ्या मंडेला नियमांत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला मनाई आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण तिथून बाहेर आलेला माणूस परत त्याच रांगेत उभा राहणार, फक्त आणखी भडकलेला. त्यापेक्षा साध्या गोष्टी करा ना. इंग्लंडमध्ये २३१ तरुण कैद्यांवर एक प्रयोग झाला, निम्म्यांना व्हिटॅमिन वगैरेच्या खऱ्या गोळ्या आणि निम्म्यांना नकली, निकाल २००२ मध्ये आला, खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नियम मोडायचं प्रमाण दुसऱ्यांपेक्षा साधारण २६ टक्के कमी होतं. नॉर्वेत गार्ड कैद्यांबरोबर जेवतात, खेळतात, रोज बोलतात, त्यामुळे कोण आज गप्प आहे, कोण कोणाला टाळतंय हे त्यांना मारामारीच्या आधीच कळतं. हे जमायला गार्डला माणसं ओळखता आली पाहिजेत, आणि जागेच्या दुप्पट माणसं कोंबली की नावं पण लक्षात राहत नाहीत, नुसती मोजणी होते.

त्या दिवशी फोनजवळच्या गार्डने एवढं जरी म्हटलं असतं की थांब, तुझा नंबर उद्या पहिला, तरी पुढचं टळलं असतं असं मला अजून वाटतं.

त्याला शिक्षा काय झाली माहितीये? एक महिना फोन बंद. पुढच्या आठवड्यात वर्गात आला, पाटी घेऊन सगळ्यात पुढे बसला आणि मला म्हणाला, ताई, आईला पत्र लिहायचंय, ऑपरेशन कसं लिहितात, तो चंद्र नेमका कुठे काढायचा?