पाच तारे, आठ वर्षं उशिरा

रविवार, रात्र

वीझर या अमेरिकन रॉक बँडचा 'पिंकर्टन' सध्या येता-जाता ऐकतेय. पस्तीसेक मिनिटांचा अल्बम. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसल्या बसल्या लावला की वाशी येईपर्यंत जवळजवळ सगळा होतो. तुकड्या-तुकड्यांनी ऐकण्याचा हा अल्बम नाहीच.

आज मात्र गाण्यांपेक्षा त्याला मिळालेली वागणूकच डोक्यात घोळतेय. १९९४चा पहिला, निळा अल्बम कसा लखलखीत होता. रिक ओकासेक निर्माता, प्रत्येक गिटार जागच्या जागी. सप्टेंबर १९९६मध्ये दुसरा आला तो बँडने स्वतःच घडवलेला. कर्कश, फाटका, ओरडणारा. बँडचा गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमो मधल्या काळात हार्वर्डमध्ये शिकायला गेला होता. एक पाय आखूड, त्यासाठी शस्त्रक्रिया झालेली, पायाला लोखंडी सांगाडा. प्रसिद्धीचा वीट आणि एकटेपणा त्याने पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'च्या आधाराने लिहून काढला. अल्बमचं नावही त्याच ऑपेरातलं, जपानी बायकोला टाकून जाणाऱ्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं. आपल्या अल्बमला असं नाव कोण देतं? जो स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो तो.

'रोलिंग स्टोन'च्या परीक्षणात गीतं पोरकट ठरली. वर्षअखेरीला त्याच मासिकाच्या वाचकांनी तो वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत टाकला. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १९व्या क्रमांकाच्या वर तो गेलाच नाही.

'पोरकट' हा शेरा मी उडवून लावणार नाही. 'अक्रॉस द सी' या गाण्यात जपानहून आलेल्या एका चाहतीच्या पत्राला तो ज्या तऱ्हेने कवटाळतो, ते बाई म्हणून ऐकताना मला टोचतं. पण ते टोचावं म्हणूनच लिहिलंय, असं दर वेळी वाटतं. हा पोरकटपणा लिहिणाऱ्याच्या नकळत आलाय, की त्याने स्वतःत पकडून आपल्यापुढे ठेवलाय? परीक्षण खरं तर या प्रश्नापासून सुरू व्हायला हवं होतं.

पुढे २००४मध्ये 'रोलिंग स्टोन'ने याच अल्बमला पाचपैकी पाच तारे दिले. भाचा म्हणतो, "झालं की मग, मावशी! न्याय मिळाला ना?" कोपरखैरण्याच्या घरी तो सध्या यातलंच 'एल स्कॉर्चो' गिटारवर बसवतोय. त्याने हा अल्बम ऐकला तेव्हा तो आधीच थोर ठरलेला होता. मला हा न्याय पटत नाही. म्हटलं, अरे, मधे काय झालं ते बघ. २००१चा तिसरा अल्बम पुन्हा ओकासेककडे गेला. सुबक, गोड, आणि गाणारा कोण आहे याचा थांगपत्ता लागू न देणारा. त्याच सुमारास क्वोमो स्वतः 'पिंकर्टन'बद्दल जाहीरपणे इतकं कडवट बोलला, की एकाही परीक्षकाने तसं लिहिलं नसेल. लोकांचं म्हणणं त्याने खरं मानलं होतं. तारे नंतर वाढवता येतात. १९९६ ते २००१ या पाच वर्षांत तो जे लिहू धजला नाही, ते कुठून आणणार?

"पण तिसऱ्यातलं 'हॅश पाइप' भारी आहे," भाचा म्हणाला. आहेच. मीही आवाज वाढवून ऐकते. पण 'पिंकर्टन'मधल्या 'बटरफ्लाय' गाण्यात नुसती एक गिटार घेऊन तो ज्या पद्धतीने माफी मागतो, तशी त्या अख्ख्या तिसऱ्या अल्बमात कुणी कुणाची मागत नाही.