फिशगार्डचं भरतकाम

शनिवार, रात्री

आईला समुद्र दाखवायचा म्हणून वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, फिशगार्डला आलो, तर पावसाने गाठलं. बंदर राहिलं बाजूला, टाउन हॉलमध्ये शिरलो. तिथे ग्रंथालयाशेजारच्या दालनात काचेआड ३० मीटर लांबीचं भरतकाम मांडलंय. तिकीटही नाही.

विषय लढाईचा. २२ फेब्रुवारी १७९७ च्या रात्री सुमारे १४०० फ्रेंच सैनिक जवळच्या किनाऱ्यावर उतरले आणि २४ ला शरण आले. त्यांच्यात तुरुंगातून काढून आणलेले पुष्कळ. त्याआधी इथे एक पोर्तुगीज जहाज फुटलं होतं, त्यावरची दारू घरोघर दडवलेली; ती या लोकांच्या हाती लागली. मग कसली लढाई! एकाने तर झिंगून घरातल्या घड्याळावरच गोळी झाडली म्हणतात.

द्विशताब्दीला, १९९७ साली, गावातल्या सत्तरहून अधिक बायकांनी हे सगळं लोकरीने भरलं. जेमिमा निकलस ही चांभारकाम करणारी बाई, गवत उचलायचा काटा घेऊन निघाली आणि एकटीने बारा फ्रेंच पकडून आणले! लाल शाली पांघरलेल्या बायका लांबून शिपाईच वाटल्या, म्हणून शत्रूचा धीर सुटला, अशीही एक कथा. इतिहासकार ती फारशी मनावर घेत नाहीत. मला मात्र ती भरतकामात हवीच होती. सुई बायकांच्या हातात आहे म्हटल्यावर त्या ही गोष्ट कशाला गाळतील?

आईचं लक्ष इतिहासात नव्हतंच. काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, चेहरे बघ. नाक-डोळे लोकरीत उठवणं फार जिकिरीचं असतं." शालीतला लाल रंग एकच नाही, हेही तिनेच दाखवलं. घड्यांत गडद, कडेला उजळ. "इतक्या जणींचे हात, तरी टाका कुठे सैल नाही. उलटी बाजू बघू देतील का गं?" आता ते कोणाला विचारणार? मी तिला पुढे ढकललं.

पाऊस थांबल्यावर चर्चच्या आवारात जेमिमाचा दगड पाहिला. ती १८३२ मध्ये गेली, दगड बसवला १८९७ मध्ये, शताब्दीची वर्गणी जमल्यावर. मी आईला मजकूर मराठीत सांगितला: या गावची वीरांगना, वगैरे.

"आणि मधली पासष्ट वर्षं?" आई म्हणाली. "तेव्हा वर्गणी जमत नव्हती वाटतं!"