महाडचा पत्ता

मे अखेरची गोष्ट. आम्ही पावसाळ्याची लाकडं मांगरातून आणून पडवीत रचत होतो. धाकट्या भावजींचा मुलगा, वय वर्षं नऊ, मदतीच्या नावाखाली लुडबुडत होता आणि लाकडांतल्या विंचवाने त्याला नांगी मारली. लाल, बोटाएवढा. सासूबाई कांदा शोधायला धावल्या. तेवढ्यात पोरगं घामाने निथळलं, दोनदा ओकलं, हातपाय गार. तसंच गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी प्राझोसिनची गोळी दिली.

हे नाव मला माहीत होतं. बीपीची गोळी! नऊ वर्षांच्या पोराला? तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. बाहेर बाकावर बसून मोबाईल काढला.

गूगलवर सापडलेल्या पहिल्या लेखाचा सारांश दिसला, बाकीच्याला कुलूप. एका लेखाचे पस्तीस डॉलर. म्हणजे हापूसची बऱ्यापैकी पेटी, तीही आत काय आहे ते न बघता घ्यायची.

मग वैद्यकीय संशोधनाचे लेख शोधायची वेबसाइट, पबमेड, उघडलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ते माहीत आहे, पण बरीच वर्षं माझा एक घोळ होता. पबमेड १९९७ पासून सर्वांना फुकट आहे, पण ती मुळात सूची आणि सारांश. अख्ख्या लेखांचं कोठार निराळं, पबमेड सेंट्रल, २००० साली सुरू झालेलं. पबमेडच्या फिल्टरमध्ये ‘फ्री फुल टेक्स्ट’चा चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली की कुलूपवाले लेख गळून पडतात.

दुसरी गोम नावात. आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आधी मेसोब्युथस टॅम्युलस होतं, आता हॉटेनटोटा टॅम्युलस. एकच नाव टाकलंत तर दुसऱ्या नावाने लिहिलेलं निसटण्याची भीती. दोन्ही टाकायची, मध्ये ‘ऑर’.

तशी टाकली आणि ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला २०११ चा लेख पुढे आला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत उघडा. लेखकाचा पत्ता वाचून हसूच आलं. महाड! डॉ. हिंमतराव बावसकर. कशेडी घाट उतरून पोलादपूर ओलांडलं की आलंच की. मी ते लंडनच्या नियतकालिकात शोधत होते.

गोळीचंही कोडं सुटलं. या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरू शकतं. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. पण लेखात आणखी एक होतं. ७० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाची प्रतिविषलसही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले लससोबत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८.

आता मात्र उठलेच. आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, “लस नाही का द्यायची?”

त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बोट केलं. “बाई, तीच चाललीय. मघाशी तुम्ही मोबाईलमध्ये होतात.”