आदिस अबाबात पाच दिवस: पिठलं, बाराखडी आणि सकाळचे दोन

मार्च २०२४ मध्ये कंपनीच्या कामाने पाच दिवस इथिओपियाला जाऊन आलो. आमच्याकडे गोळ्यांच्या पाकिटाचं म्हणजे ब्लिस्टर पॅकिंगचं मशीन बनतं, त्यातलं एक आदिस अबाबाजवळच्या एका औषध कारखान्यात बसवलंय, ते चालू करून द्यायचं आणि तिथल्या पोरांना शिकवायचं एवढंच काम होतं. जायचं ठरलं तेव्हा घरी आणि बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, तिथे खायला मिळतं का? १९८४ च्या दुष्काळाचे फोटो लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसलेत. मला ते लागलं, कारण मी मराठवाड्याचा आहे आणि आमच्याबद्दल पण बाहेरचे लोक दुष्काळ सोडून दुसरं काही विचारत नाहीत.

यलो फीवरची लस जायच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ते पिवळं कार्ड परत येताना आपल्याच एअरपोर्टवर बघतात, जाणार असाल तर ते सोडू नका. मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आत पोचतो, घड्याळ अडीच तास मागे करायचं.

पण घड्याळ मागे करून भागत नाही ना! पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरला विचारलं उद्या किती वाजता, तर तो म्हणाला दोन वाजता. मी म्हटलं अहो दुपारी दोनला येऊन काम कधी करायचं, सकाळी आठला या. तो मान हलवून म्हणाला हो हो, दोन वाजता. मला रात्रभर झोप नाही, पहिल्याच दिवशी कस्टमरकडे उशीर होणार म्हणून. आणि सकाळी बरोबर आठला गाडी हॉटेलखाली उभी! मग त्याने समजावलं की त्यांचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, म्हणजे आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताच्या तसं जवळ असल्यामुळे सूर्योदय वर्षभर जवळपास एकाच वेळेला, त्यामुळे हे जमून जातं. मला तर हेच जास्त बरोबर वाटलं. मध्यरात्री सगळे झोपलेले असताना दिवस कशाला बदलायचा?

कारखान्याच्या गेटवर रजिस्टर होतं, त्यात वर्ष लिहिलेलं २०१६. मी दोनदा बघितलं. त्यांचं कॅलेंडर आपल्या वापरातल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, आणि महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि उरलेल्या पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे म्हणून तेरावा छोटा महिना. आपल्याकडे तीन वर्षांनी अधिक महिना येतो, यांचा दरवर्षी येतो असं मी मनात धरलं.

आदिस समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) शिखरापेक्षाही खूप उंच, आणि त्यावर अख्खी राजधानी वसलेली. दोन जिने चढलो की धाप लागायची. मार्चमध्ये आपल्याकडे पंखे पाचवर असतात आणि इथे संध्याकाळी स्वेटर. हवा विरळ म्हणून कॉम्प्रेसरला पण प्रेशर भरायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागत होता, मशीन सारखं अलार्म देऊन थांबायचं, त्यात पहिला दीड दिवस गेला. शिकायला आलेली पोरं मात्र एकदम तयार, एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा विचारायची नाहीत.

आता जेवण. मी शाकाहारी, आईने दशम्या, चटणी, मेतकूट सगळं बांधून दिलेलं. त्यातलं निम्मं परत आलं! कारण मी गेलो तेव्हा तिथल्या ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, पंचावन्न दिवसांचा, त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. (त्या वर्षी रमजान पण त्याच सुमाराला सुरू झालेला, त्यामुळे कँटीनमध्ये कोणाचा ना कोणाचा उपास होताच.) एरवीही बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास असतोच. हॉटेलात फक्त 'त्सोम' म्हणायचं, म्हणजे उपासाचं, की समोर मोठं ताट येतं. त्यात इंजेरा, म्हणजे तेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली परातीएवढी आंबोळी, चवीला आंबूस, जाळीदार. आणि तिच्यावरच मसूर, पालेभाजी, बीट, बटाटा अशा भाज्या वाढलेल्या. आणि मधोमध शिरो. नाव ऐकून मला गोड शिरा वाटला होता, पण मातीच्या भांड्यात रटरटत आला तो हरभऱ्याच्या पिठाचा, कांदा-लसूण आणि त्यांचं लाल तिखट घातलेला. पहिला घास खाल्ला आणि थांबलोच. पिठलं आहे हो हे! एवढ्या लांब येऊन समोर पिठलं म्हटल्यावर खरंच डोळ्यात पाणी आलं.

सगळे एकाच ताटात उजव्या हाताने जेवतात. माझ्या शेजारी स्टोअरमधले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी इंजेऱ्यात शिरो गुंडाळून घास थेट माझ्या तोंडाशी धरला. याला गुर्शा म्हणतात. आपण लग्नात घास भरवतो तसंच, फक्त इथे मैत्री म्हणून, आणि नाही म्हणायचं नसतं. याच काकांना शाळेत गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. सम्राट हैले सेलासीच्या काळात आपल्याकडचे बरेच शिक्षक तिकडे गेले होते, केरळचे खूप. म्हणून मला बघितल्यावर ते आधी 'टीचर' म्हणाले, नंतर इंजिनिअर.

रोज दुपारी कॉफी. मशीनमधली नाही, हिरव्या बिया समोर धुऊन, तव्यावर भाजून, धूर सगळ्यांकडे वासासाठी फिरवून, मग कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळलेली. सोबत लाह्या. तीन फेऱ्या होतात, तिसरीचं नाव बरका, म्हणजे आपली बरकतच. पहिल्या दिवशी मला वाटलं वेळ जातोय, तिसऱ्या दिवशी मीच विचारायला लागलो कधी आहे.

अशाच एका फेरीत काकांनी त्यांची अक्षरं दाखवली. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं: ह, हु, हि, हा असं पुढे जातं. मी डायरीत आपली ह ची बाराखडी लिहून शेजारी ठेवली, आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखं मोठ्याने म्हणत बसलो. मग मी त्यांना सांगितलं की मी ज्या शहरातून आलोय ते तुमच्या माणसाने वसवलंय. मलिक अंबर. इथिओपियाचा पोरगा, गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कारभार हातात घेतला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि १६१० मध्ये खडकीला राजधानी केली, तेच नंतरचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझी डायरी ओढून घेतली आणि त्यांच्या अक्षरांत 'अंबर' लिहिलं, जपून, एकेक अक्षर.

भडकल गेटखालून मी लहानपणापासून हजारदा गेलोय, अंबरनेच बांधलेला दरवाजा, पण कधी मान वर करून बघितलं नव्हतं. परत आल्यावर मुद्दाम गाडी बाजूला लावली, फोटो काढला, काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलंय, त्या नहरीला अजून पाणी आहे का म्हणून. रविवारी जाऊन बघतो आणि कळवतो त्यांना.