बँकेने कापलेले पैसे लेखी मागा, परत मिळतात

बँकेने खात्यातून काहीतरी कापलं की आपल्याकडे बहुतेक जण एकतर घरात चिडचिड करतात नाहीतर शाखेत जाऊन काउंटरवरच्या माणसाशी भांडून येतात, आणि दोन्हीचा उपयोग शून्य, कारण दोन्हीची कुठेच नोंद राहत नाही. पैसे आपले आहेत, नियम सोडून कापले असतील तर परत मागायचा हक्क आहे आणि ते परत मिळतातही. फक्त लेखी मागावे लागतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये, यंदा आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलासाठी हे सगळं केलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

काकू मुलुंडला घरोघरी पोळ्या करायला जातात, आम्ही भांडुपला एकाच चाळीत. त्यांचा मुलगा आधी मरोळला कामाला होता, तिथे जॉईन होताना कंपनीनेच एका प्रायव्हेट बँकेत सॅलरी अकाउंट काढून दिलं होतं, झिरो बॅलन्सवालं. मग ती नोकरी सुटली, ठाण्याला दुसरी लागली आणि पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला. जुन्या खात्यात थोडे पैसे होते ते तसेच राहिले. आता होतं काय, की अशा खात्यात काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं सेव्हिंग अकाउंट करून टाकते आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते, आणि मुंबईत बऱ्याच प्रायव्हेट बँकांमध्ये ती दहा हजार किंवा त्याहून जास्तच आहे. मुलाला याचा पत्ताच नव्हता. दिवाळीच्या आधी मित्राने उसने घेतलेले तीन हजार जुन्याच खात्यावर परत पाठवले, आणि खात्यात शिल्लक दिसली सहाशेच्या आसपास. काकू रात्री माझ्याकडे आल्या, "अगं, तीन हजार आले म्हणतो, मग गेले कुठे?"

स्टेटमेंट काढलं तर ओळीने तेच. दर महिन्याला एएमबी चार्जेस, म्हणजे मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून दंड, ५०० रुपये, त्याच्या खाली जीएसटी ९० रुपये. म्हणजे महिन्याला ५९०. आधी होती ती शिल्लक संपली, मग खातं मायनसमध्ये गेलं, आणि तीन हजार आले तसे बँकेने त्यातून आपली वसुली करून घेतली. मला खरंच खूप राग आला. ज्याच्याकडे दहा हजार पडून नाहीत त्याच्याकडूनच दंड, आणि लाखभर पडून आहेत त्याला काहीच नाही. हे कुठल्या अर्थाने न्यायाचं आहे ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पण रागावर पैसे मिळत नाहीत, नियमावर मिळतात. तर नियम काय आहे. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला मिनिमम बॅलन्सच्या दंडाबद्दल सर्क्युलर काढलं, १ एप्रिल २०१५ पासून ते लागू आहे. त्यात म्हटलंय की शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं की एक महिन्यात शिल्लक भरली नाही तर दंड लागेल, आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड जेवढे पैसे कमी पडले त्याच्या ठराविक टक्क्यात हवा, म्हणजे ज्याचे हजार कमी आणि ज्याचे नऊ हजार कमी त्या दोघांना सरसकट सारखाच दंड लावता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निव्वळ या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. मुलाच्या मोबाईलवर पर्सनल लोनच्या ऑफरचे मेसेज याच बँकेकडून सारखे येत होते, म्हणजे नंबर बरोबर होता, पण दंडाची आगाऊ सूचना देणारा एकही मेसेज नाही. आणि खातं तर उघड उघड मायनसमध्ये नेलं होतं. म्हणजे दोन ठिकाणी नियम मोडलेला.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते ती इथेच सांगते. एएमबी म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक, रोज रात्रीची शिल्लक बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागतात. त्यामुळे ३० दिवसांच्या महिन्यात रोज दहा हजार ठेवले काय किंवा एकच दिवस तीन लाख ठेवले काय, सरासरी दहा हजारच येते. आपल्यासारख्यांना तीन लाखांचा उपयोग नाही, पण शेवटच्या आठवड्यात थोडे जास्त पैसे ठेवून सरासरी भरून काढता येते एवढं लक्षात ठेवा.

शाखेत गेलो. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता, पण म्हणाला, "मॅडम, सिस्टीमने ऑटोमॅटिक कापलंय, आमच्या हातात काही नसतं." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळणारच. त्यावर वाद घालू नका, पत्र पुढे करा. मी पत्र दोन प्रतीत नेलं होतं, एक त्यांना दिलं आणि दुसऱ्यावर पोच मागितली, शिक्का, सही, तारीख. आधी नको नको म्हणाले, मॅनेजरकडे बोट दाखवलं, शेवटी शिक्का मारला. ती पोच म्हणजे सगळ्या प्रकरणाचा जीव आहे, तिच्याशिवाय शाखेतून हलू नका. आणि घरी आल्यावर तेच पत्र बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवर टाकायचं म्हणजे तक्रार नंबर मिळतो.

पत्रात काय लिहिलं? खाते नंबर, मग कुठल्या तारखेला किती कापले ते एकेक ओळ, जीएसटीसकट एकूण रक्कम. मग साधं वाक्य: "दंड लावण्यापूर्वी एक महिन्याची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या माध्यमातून पाठवली त्याचा पुरावा द्यावा, पुरावा नसल्यास सर्व रक्कम खात्यात परत जमा करावी." आणि पुढे, "दंडामुळे खाते ऋण शिल्लकेत गेले आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाविरुद्ध आहे." एवढंच. आमची परिस्थिती गरीब आहे, कृपा करा वगैरे मी मुद्दाम एक शब्द टाकला नाही. काकूंना ते घालायचं होतं, मी म्हटलं, "काकू, आपण काही उपकार मागत नाही आहोत."

काही दिवसांनी मॅनेजरचा फोन, निम्मे पैसे देतो, विषय संपवूया. तुमच्याकडेही असा फोन येईल. निम्म्यावर हो म्हणून सही करू नका. आम्ही नाही म्हणालो आणि बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, तोच मजकूर, पोचेचा फोटो जोडून, ईमेल केला. नोडल ऑफिसरचं नाव आणि ईमेल शाखेत बोर्डवर आणि बँकेच्या वेबसाईटवर असतो, शोधावा लागतो पण असतो. तिथून मात्र सूत्रं हलली आणि सगळे पैसे परत आले, जीएसटीचे दर महिन्याचे ९० रुपये धरून. जीएसटी विसरू नका हं, बऱ्याचदा मूळ रक्कम परत करतात आणि कर तसाच राहतो.

नोडल ऑफिसरनेही ऐकलं नसतं तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. बँकेकडे तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की तिथे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच योजना केलीय, तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर करायची, फी नाही, वकील लागत नाही, माहिती हवी असेल तर १४४४८ वर फोन. सुट्टी टाकून फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या बिल्डिंगीत जायची काही गरज नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, थेट तिकडे गेलात तर तक्रार बंद होते. आणि तिथे "दहा हजार मिनिमम का ठेवला" असं भांडू नका, रक्कम किती ठेवायची हे बँक ठरवू शकते. आपलं भांडण सूचना न देता कापले, टक्केवारीत कापले नाहीत, मायनसमध्ये नेलं, यावर ठेवायचं.

खरं तर या कटकटीत पडायचंच नसेल तर ज्या बँकेत हा दंडच नाही तिथे खातं ठेवा. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सेव्हिंग खात्यांवरची मिनिमम बॅलन्सची अट काढली, २०२५ मध्ये कॅनरा बँक आणि पंजाब नॅशनल बँकेनेही दंड बंद केला. आणि कुठल्याही बँकेत बेसिक सेव्हिंग खातं मागता येतं, त्याला मिनिमम बॅलन्स नसतो, महिन्याला चार वेळा पैसे फुकट काढता येतात. काउंटरवर स्वतःहून कोणी सांगत नाही, नाव घेऊन मागा. वडिलांचं किंवा आजीचं जुनं खातं दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे इनऑपरेटिव्ह झालं असेल तर त्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावताच येत नाही, तेही तपासा.

स्टेटमेंट हातात आहेच तर एटीएमच्या ओळीही बघून घ्या. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन व्यवहार फुकट, पुढे १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये अधिक कर. पण मशीनमध्ये कॅशच नव्हती किंवा मशीन बिघडलं म्हणून व्यवहार फसला तर तो या तीनमध्ये धरायचाच नाही, स्टेशनबाहेरच्या एटीएमवर हे किती वेळा होतं ते सांगायला नको. पैसे कापले गेले पण हातात आलेच नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती बँकेने तक्रारीची वाट न बघता द्यायची असते. सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

अजून एक, ४३६ रुपये आणि २० रुपये अशा दोन ओळी वर्षातून एकदा दिसतात. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे हप्ते. विमा दोन्ही चांगले आहेत, प्रत्येकी दोन लाखांचं कव्हर आहे, मी स्वतः चालू ठेवलेत, पण फॉर्मवर तुमची संमती नसताना चालू केले असतील तर संमतीची कॉपी मागा आणि दाखवता आली नाही तर हप्ता परत मागा. आणि नुसते पुढचे बंद करायचे असतील तर मेच्या सुरुवातीलाच शाखेत लेखी द्या, कारण पॉलिसीचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे त्याच्या आधीच कापले जातात.