मॅक्रो लेन्स वापरून पाहिली, आणि घोडे अडले ते फोकसपाशी

मॅक्रो, म्हणजे बारीकसारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणाऱ्या, लेन्सविषयी बोलताना सगळे तिच्या रेखीवपणाचे भरभरून कौतुक करतात; मात्र तो रेखीवपणा नेमका हवा तिथे मिळवताना फोकस किती छळतो, याचा उल्लेख ओझरताच होतो, आणि माझी चिडचीड अजून शमलेली नाही ती याच गोष्टीवर. छायाचित्रणाच्या सहलीत एका मित्राने त्याची १०० मिमी, एफ/२.८ ची मॅक्रो लेन्स मला वापरून पाहायला दिली (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे). पानांच्या शिरा, फुलांचे पुंकेसर, दगडावरची बुरशी हे सगळे विनासायास टिपता आले. खरी परीक्षा सुरू झाली ती गवताच्या पात्यावर टाचणी, म्हणजे चतुराच्या कुळातला तो काडीसारखा नाजूक कीटक, बसलेली दिसल्यावर.

या लेन्सचे किमान फोकस अंतर सुमारे ३० सेंटीमीटर असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. हे अंतर कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून, म्हणजे प्रतिमा जिथे उमटते त्या पट्टीपासून, मोजतात, हे मात्र ठळकपणे कुणी सांगत नाही. प्रत्यक्षात १:१ या प्रमाणात, म्हणजे कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढाच उमटेल असा, फोटो काढताना लेन्सचे तोंड कीटकापासून जेमतेम १३-१४ सेंटीमीटरवर येते. इतक्या जवळ गेल्यावर ऑटोफोकस एकदा पार मागे, एकदा पार पुढे असा फिरत राहिला आणि टाचणी क्षणभर दिसून पुन्हा धुक्यात विरघळल्यासारखी होत राहिली. मधूनच फोकस लागल्याची खूण दिसे, शटर दाबावे, आणि फोटो मोठा करून पाहावा तर पायांवरचे बारीक काटेरी केस स्वच्छ, डोळे मात्र पुसट! वाऱ्याची साधी झुळूक आली तरी पाते डोलायचे आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

यामागचे गणित कठोर आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात एफ/२.८ ठेवले, तर फोकसमध्ये येणारी खोली सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असते. एफ/११ वर गेल्यावरही ती सव्वा मिलिमीटरच्या आसपासच भरते. श्वास घेताना आपले शरीर याहून जास्त हलते. म्हणूनच मोठ्या ॲपर्चरच्या जाहिरातीला भुलून कुणी मॅक्रोसाठी लेन्स निवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कीटक टिपताना एफ/२.८ चा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

मार्ग निघाला तो ऑटोफोकस बंद केल्यावर. लेन्सची रिंग फिरवून हवे ते प्रमाण आधी ठरवून टाकले, कोपरे गुडघ्यांवर टेकवले आणि रिंगला पुन्हा हात न लावता संपूर्ण शरीरच अगदी सावकाश पुढे झुकवत, डोळ्यांवरची चमक स्पष्ट होऊ लागताच सलग फोटो काढले. त्यातले बरेचसे वाया जातात, ते जाऊ द्यावेत. आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली: टाचणीच्या समोर न बसता तिच्या कुशीला आलो आणि कॅमेऱ्याची पाठ तिच्या लांबट शरीराला समांतर धरली, तेव्हा डोळ्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंतचा भाग त्या तुटपुंज्या खोलीत बसला. डोळ्यांवरचे दवाचे थेंबही वेगवेगळे मोजता येतील असा फोटो मिळाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रकाशाची तजवीज आधीच करावी. १:१ प्रमाणात सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश साधारण एक चतुर्थांश उरतो, म्हणजे एफ/११ लावलेले असले तरी परिणाम एफ/२२ सारखा होतो. त्याहून ॲपर्चर लहान केले तर विवर्तनामुळे, म्हणजे लहानशा छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. फ्लॅशवर प्रकाश पसरवून सौम्य करणारा डिफ्यूझर लावणे मला सर्वांत सोयीचे वाटले, कारण फ्लॅशचा लखलखाट इतका अल्पकाळ टिकतो की बारीक हालचालही गोठते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) इतक्या जवळून फारशी साथ देत नाही.

हे खरे तर आधीच सांगायला हवे होते: पहाटे लवकर निघावे, कारण गारव्यात कीटकांचे शरीर तापलेले नसते आणि ते सहसा उडत नाहीत. ऑटोफोकस वापरायचाच असेल तर लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारे बटण आहे का ते पाहावे, म्हणजे त्याची निष्फळ भटकंती बरीच कमी होते. लेन्सच्या तोंडावर बसवलेला हूड मात्र काढून ठेवावा. तो उरलेसुरले अंतर खातो आणि कीटकावर सावलीही पाडतो.