गंगबलला ट्राउट गरवायला जाताय? मग मे महिना सोडा

काश्मीरमधल्या गंगबल तलावावर गळ टाकायचा विचार असेल, तर आधी शाळेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बाजूला ठेवा. आपला उन्हाळा एप्रिल-मेचा. गंगबल साधारण ३,५७० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात तिथली वाट, काठ, बरंचसं पाणीही बर्फाखाली असतं. तिथला खरा उन्हाळा जूनअखेरीस उजाडतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. त्यानंतर थंडी पडते, आणि ट्राउट शरदात अंडी घालत असल्यामुळे मासेमारीचा हंगामही बंद होतो. आम्ही जुलै धरला. पुण्यात झड लागली होती. काश्मीर पीर पंजाल डोंगररांगेच्या आड असल्यामुळे तिथे आपल्यासारखा पाऊस नसतो. तरी दुपारनंतर एखादी सर येतेच, त्यामुळे रेनकोट सॅकमध्ये अगदी वर ठेवा.

हा मासा मूळचा तिथला नाही. ब्राउन ट्राउटची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला आली, त्याआधीची पहिली खेप वाटेतच मेली होती. पुढे हारवनच्या उबवणी केंद्रातून पिल्लं ओढ्या-नद्यांत सोडली गेली. आपल्या धरणांचं कोमट पाणी या माशाला सोसत नाही. म्हणून मरळ आणि कटल्यावर हात बसलेल्या माणसालाही इथे बरंच नव्याने शिकावं लागतं, आणि मला तर त्यातच सगळी मजा वाटली.

परमिट श्रीनगरला मत्स्य विभागाकडून आधीच घ्या, वर गेल्यावर काही मिळत नाही. ते दर रॉडमागे असतं. कोणतं आमिष चालेल, दिवसाला किती मासे, किमान लांबी किती, हे त्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच ठेवा. आधार कार्डही जवळ हवं, वाटेत तपासणी होते. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमध्ये निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या, आणि जिथून चढाई सुरू होते त्या नारानाग गावाच्या पुढे तेही चालेल असं धरू नका. विमानात गळ, चाकू, पक्कड सगळं चेक-इन बॅगेत. गॅसचं सिलिंडर विमानात नेता येत नाही, ते श्रीनगरलाच घ्यावं लागतं.

श्रीनगरहून कंगनमार्गे नारानाग गाडीने दोन-अडीच तास. गावात आठव्या शतकातल्या मंदिरांचे अवशेष आहेत, ते चढाई सुरू करण्याआधीच बघा, उतरताना पायांत त्राण नसतं. नारानागहून वाट जी उभी चढते ती देवदार-पाइनचं रान संपेपर्यंत दम घेऊ देत नाही. सह्याद्रीत रोज गड चढणाऱ्यानेही इथे घाई करू नये. चढ एका दमात मारता येतो, पण विरळ हवा त्याच रात्री डोकं धरायला लावते. त्रुंदखोलच्या कुरणात एक मुक्काम करा, भरपूर पाणी प्या. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर वर न जाता खाली उतरायचं, तिथे हट्ट नको. सामानासाठी नारानागला घोडेवाले मिळतात. पैसे, मुक्काम आणि परतीचा दिवस निघण्याआधीच स्पष्ट बोलून घ्या.

आता मासेमारी. वर दोन तलाव आहेत, हरमुख शिखराच्या पायथ्याचा नुंदकोल आणि त्याच्या थोडा वर मोठा गंगबल. गंगबलचं पाणी ओढ्याने नुंदकोलमध्ये उतरतं. तलाव एवढा पसरलेला की नवखा माणूस कुठेही रॉड फेकत बसतो. ओढा जिथे तलावात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो, त्या दोन जागा आधी धरा. वाहतं पाणी किडे घेऊन येतं आणि ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून वाट बघत असतो. दुपारी वारा सुटला की ज्या काठाकडे लाटा ढकलल्या जातात तिथे जा. वाऱ्यासमोर फेकणं त्रासाचं, पण किडे तिकडेच वाहून आलेले असतात.

पाणी इतकं नितळ की मासा तुम्हाला तुमच्याआधी बघतो. काठावर ताठ उभं राहू नका. पाण्यापासून चार पावलं मागे, गुडघ्यावर बसून, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने फेका. आपल्याकडची जाड लाइन इथे उपयोगाची नाही, सहा पौंडांचा ताण सोसणारी पुरते. आम्हाला सगळ्यात लहान आकाराच्या तांबूस स्पिनरने (ओढताना पाण्यात गरगर फिरणारं धातूचं आमिष) साथ दिली. तो पाण्यात पडला की क्षणभर बुडू द्यायचा, मग सावकाश ओढायचा. ऊन डोक्यावर असताना मासा खोल जातो, तेव्हा झोप काढा. पहाट आणि संध्याकाळ मात्र सोडू नका, जुलैत पावणेआठपर्यंत उजेड असतो.

पहिला ट्राउट हातात आला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पिवळट तपकिरी अंग, बाजूला लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. मासा सोडणार असाल तर हात आधी पाण्यात भिजवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने दाबून न्या, सोडवताना जबडा फाटत नाही. आणि परमिटवर सहा मासे लिहिलेत म्हणून सहा मारायलाच हवेत असं नाही. इतक्या थंड पाण्यात मासा फार हळू वाढतो. जेवणापुरते दोन पुष्कळ झाले.

याचे खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. पोट साफ करून हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावायचं, रव्यात घोळवून तव्यावर टाकायचं. आगळाची छोटी बाटली नक्की न्या, वर आंबट काही मिळत नाही. आतडी तलावात टाकू नका. त्या भागात अस्वलं आहेत, त्यामुळे ती तंबूपासून लांब पुरायची आणि तवाही रात्री धुऊन ठेवायचा. इतक्या उंचीवर झाडं नाहीत, म्हणून शेकोटीच्या भरवशावर राहू नका.

गंगबल काश्मिरी पंडितांचं तीर्थ आहे. तिथे अस्थी विसर्जित केल्या जातात आणि भाद्रपदात गंगाष्टमीला यात्रा येते. ते दिवस टाळा. एरवीही कुणी काठावर पूजा करत असेल तर रॉड गुंडाळून दुसरीकडे जा.

उतरताना गुडघ्यांसाठी काठी हवीच. वर हवा बिघडली तर नारानागलाच थांबून वांगथ नाल्याचा नाद करा. ट्राउट तिथेही आहे, फक्त परमिट घेताना त्या पाण्याचं वेगळं घ्यावं लागतं का, ते श्रीनगरलाच विचारून ठेवा.